दहा कॅप्सूल आणि चार प्रश्न

ताडकळसच्या बाजारपेठेतल्या एका औषध दुकानात काउंटरखाली वेगळी नोंदवही असते. ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरची कॅप्सूल, विकली की त्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहिली जाते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा सुरुवातीला हे औषध सरकारी यंत्रणेतूनच मिळे. पुढे ते 'शेड्यूल एक्स' या कडक नियमांच्या औषध-यादीत, मोजक्या दुकानांपुरतं राहिलं. २०१७ मध्ये ते 'एच-वन' यादीत आलं आणि चिठ्ठीवर गावातही मिळू लागलं. नोंद मात्र तीन वर्षं जपावी लागते.

पावसाळी हवा. एक सासरे गरोदर सुनेची चिठ्ठी घेऊन आले. फार्मासिस्टनं ती दोनदा वाचली.

"काका, ताप कधी आला?"

"काल रातीपसून. लई खोकतीय."

"वेळेत आलात. किडनीचा काही आजार?"

"न्हाई."

हा प्रश्न तो कधीच गाळत नाही, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. तारखेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. फ्लूचा विषाणू एका पेशीत वाढतो आणि बाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरतो. हे औषध त्याची बाहेर पडण्याची वाट अडवतं. सोयाबीनवर अळी दिसताच फवारणी केली तर पीक हाती लागतं, तसंच इथे पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक फायदा होतो. आजार गंभीर असेल तर डॉक्टर त्यानंतरही सुरू करतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, मधुमेह किंवा दम्याचा रुग्ण यांच्या बाबतीत तपासणीच्या अहवालासाठी थांबत नाहीत.

"७५ मिलिग्रॅमची सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. एकूण दहा. जेवणावर द्या, मळमळ कमी होईल. ताप उतरला तरी मधेच सोडू नका. धाप लागली, छातीत दुखलं, ग्लानी आली, नखं निळी पडली, तर थेट परभणीचा जिल्हा दवाखाना गाठा."

शेजारी उभा असलेला तरुण म्हणाला, "मलाबी कणकण हाय, चार द्या की."

त्याला नकार मिळाला. धडधाकट माणसाच्या साध्या सर्दी-तापाला विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल बहुधा पुरतं. डेंग्यूवर ही कॅप्सूल चालत नाही. गरज नसताना, अर्धवट घेतली तर विषाणू तिला दाद न देण्याचा धोका वाढतो आणि उद्या खरी गरज असणाऱ्याचं नुकसान होतं.

मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून मोठ्याची कॅप्सूल अंदाजानं अर्धी करून देऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी, तापाचा पहिला दिवस, मुलाचं वजन, जुना आजार : हे चार प्रश्न न विचारता कुणी ही कॅप्सूल देऊ लागला, तर घेऊ नका. आणि विचारणाऱ्याला घाई करू नका. तो आपलंच काम करतो आहे.