आजऱ्याच्या व्यापारी इंग्रजीतील उच्चार व सुरावट

अशोक केळकर यांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीवर निबंध प्रसिद्ध केला. परभाषेतील उच्चार हा मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेचा परिपाक असतो, ही दृष्टी तेव्हापासून मराठी इंग्रजीच्या अभ्यासाला लाभली. तिचा उपयोग साहित्याच्या वर्गापेक्षा बाजारात अधिक आहे. कारण वर्गात उच्चार चुकला तर गुण जातात, बाजारात माल जातो.

या दृष्टीने आजरा हे उदाहरण बोलके आहे. संकेश्वर–बांदा मार्गावरील या गावाच्या एका अंगाला कन्नड मुलूख, तर दुसऱ्या अंगाला आंबोलीचा घाट, कोकण आणि गोवा. येथील घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काजू फोडून त्याचा गर काढण्याचा उद्योगही या परिसरात आहे. जवळपासचा व्यवहार मराठीत, प्रसंगी कन्नड, कोकणी वा हिंदीत होतो. इंग्रजी येते ती प्रत, वजन, दर आणि बँक यांच्या निमित्ताने, आणि दूरच्या ग्राहकाशी फोनवर बोलताना. ही काही स्वतंत्र बोली नव्हे. मराठी इंग्रजीच ती, दक्षिण कोल्हापूरच्या मराठीचा रंग घेतलेली.

प्रथम सुट्या ध्वनींकडे पाहू. येथील वक्ता ‘एक’ला ‘येक’ म्हणतो, म्हणून ‘एक्स्पोर्ट’चा ‘येक्स्पोर्ट’ होतो. हे कानाला खटकते, पण त्याने अर्थहानी होत नाही. ‘व्ह’ची कथा अधिक मनोरंजक आहे. इंग्रजीतील दंतोष्ठ्य घर्षक आणि ओष्ठ्य अर्धस्वर यांतील भेद भारतातील अनेक भाषकांच्या तोंडी लोपतो. मराठी भाषक मात्र ‘व्हॅन’ आणि ‘वॉर्ड’ यांत तो महाप्राणत्वाने राखतो. ‘जेव्हा’, ‘नव्हे’ आणि कोल्हापूरकडील ‘व्हय’ यांतील ध्वनी येथे कामी येतो. साधन मराठी, भेद इंग्रजी. याला दोष म्हणण्यापेक्षा सोय म्हणणेच न्याय्य ठरेल.

याच्या उलट एक विपरीत स्थिती आढळते. प–फ, ट–ठ, क–ख असा भेद जन्मतः जाणणारा मराठी भाषक इंग्रजीतील आघातयुक्त अक्षराच्या आरंभीचे प, ट, क अल्पप्राण उच्चारतो. इंग्रज श्रोता तेथे महाप्राणत्वाची अपेक्षा करतो. ते न मिळाल्यास ‘पॅक’ हा शब्द त्याला ‘बॅक’सारखा भासतो. लिपीत ‘ह’ चे अक्षर दिसत नाही म्हणून मराठी वक्ता महाप्राण करीत नाही, आणि ‘थँक्यू’त ते दिसते म्हणून करतो, असा तर्क करण्यास जागा आहे. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली आंतरराष्ट्रीय इंग्रजीच्या ध्वनिविचारावरील ग्रंथात जे अत्यावश्यक घटक मानले, त्यांत शब्दारंभीच्या प, ट, क यांचे महाप्राणत्व, स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व आणि वाक्यातील मुख्य आघाताचे स्थान हे येतात. ‘थ’ऐवजी दुसरा ध्वनी आला तरी त्या तो क्षम्य मानतात. शाळांतून नेमका ‘थ्री’च घोटून घेतला जातो, हे येथे आठवते.

खरी अडचण संख्यांत आहे. काजूगराची ‘डब्ल्यू ३२०’ ही प्रत म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अखंड पांढरे गर. ‘डब्ल्यू २४०’ म्हणजे २२० ते २४०, अर्थात मोठा आणि महाग गर. आता ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे शब्द घ्या. इंग्रज वक्ता पहिल्यात आघात दुसऱ्या अक्षरावर देऊ शकतो, दुसऱ्यात तो पहिल्यावरच असतो. मराठीत आघात अर्थभेदक नसल्याने आजऱ्याचा वक्ता दोन्ही अक्षरे सारख्याच जोराने उच्चारतो, आणि सगळा भार अंत्य ‘न’वर पडतो. फोनवर तो ऐकू आला नाही, तर १५ पोत्यांची ५० होतात. नामापूर्वी इंग्रजही पुष्कळदा आघात पुढे ओढून ‘फिफ्टीन’च्या पहिल्या अक्षरावर आणतो, म्हणजे त्याच्या अनुकरणानेही हा घोळ पुरता मिटत नाही. ‘वन फाइव्ह’ असे अंक सुटे सांगण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची. आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेचे परीक्षण करताना शब्दाघाताच्या चुकांना महत्त्व दिले होते. व्यापारात ते शतपटीने पटते.

वाक्यपातळीवर मराठीचे सामर्थ्यच आड येते. इंग्रजी जे काम सुराकडून करवून घेते, ते मराठी अव्ययांकडून आणि प्रत्ययांकडून करवून घेते. समजा, भलतीच प्रत पोचल्यावर व्यापाऱ्याला सांगायचे आहे, ‘आम्ही २४०च मागवला होता.’ इंग्रजीत येथे ‘टू फॉर्टी’वर मुख्य आघात देऊन सूर वळवावा लागतो. आजऱ्याचा वक्ता सूर सपाट ठेवून ‘च’च्या जागी ‘ओन्ली’ योजतो : ‘टू फॉर्टी ओन्ली वी ऑर्डर्ड.’ भारतीय श्रोत्याला आशय कळतो. परदेशी श्रोता मात्र ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ असा घेतो आणि ही प्रत नसून परिमाण आहे, केवळ २४० डबे मागवले होते, अशी त्याची समजूत होऊ शकते. तक्रार प्रतीची, उत्तर संख्येचे!

आदराचेही तसेच आहे. ‘आपण आज नमुना पाठवा’ यात आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात आहे. सुराने तो वेगळा दाखवावा लागत नाही. हेच वाक्य ‘यू सेंड द सॅम्पल टुडे’ होऊन उतरत्या सुरात गेले की आदर मागे राहतो आणि पलीकडे हुकूम पोचतो. कोल्हापूरकडील ‘पाठवा की’ यातील ‘की’ तर आर्जव, आग्रह आणि जवळीक एकदम व्यक्त करतो. त्याला इंग्रजीत शब्द नाही, चढता सूरच हवा. ‘पाठवा ना’तील ‘ना’ला मात्र शब्द सापडल्यासारखा वाटतो. वक्ता ‘सेंड नो’ म्हणतो, आणि विनंती ऐकणाऱ्याच्या कानी नकार पडतो.