झाड कोणाचे, यावर रान हिरवे



मागच्या उन्हाळ्यात गटऑफिसच्या ओट्यावर बसलो असता एका सभासदाने आम्हांस गाठले. म्हणाला, "साहेब, पाचट जाळू नका, बांधावर झाड लावा, शेणखत टाका, हे तुम्ही दर अंकात लिहिता. खरं आहे. पण माझं रान खंडाचं. पुढच्या साली मालक देईल, न देईल. मी खत टाकायचं अन् गोडी दुसऱ्यानं चाखायची?" त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पार आफ्रिकेत जाऊन पोचलो. ती हकीगत आज सांगतो.

पश्चिम आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे. दोन तृतीयांशाहून अधिक मुलूख वाळवंट. दक्षिणेकडच्या पट्ट्यात थोडा पाऊस पडतो, तिथेच सारी शेती. पिके आपल्या दुष्काळी भागातलीच : बाजरी, ज्वारी, चवळी, भुईमूग. तिथला शेतकरीही आपल्यासारखाच आभाळाकडे डोळे लावून बसणारा.

या देशावर फ्रेंचांचे राज्य होते. त्यांनी १९३५ साली फर्मान काढून झाडे सरकारी हुकमतीखाली घेतली. शेत कसणाऱ्याचे, पण शेतातले झाड सरकारचे! १९६० साली देश स्वतंत्र झाला, पण कायद्याचा गाभा तोच राहिला. स्वतःच्या रानातली फांदी तोडली तरी वनखात्याचा माणूस दंड ठोकणार. मग शेतकऱ्याने काय करावे? झाड वाढले की नसती ब्याद, म्हणून रोप दिसले की उपटून टाकावे. वरून शेतीखात्याचाही सल्ला होता की ओळीने पेरायचे तर रान साफ हवे. झाडे वाचवायला केलेल्या कायद्यानेच झाडे संपवली.

झाड गेले, तसा वाऱ्याला अडसर उरला नाही. पेरणीनंतर वादळ सुटले की कोवळे कोंब वाळूखाली गाडले जात. एकेका हंगामात तीन-तीन, चार-चार वेळा पेरावे लागे. सरपण मिळेना म्हणून शेण चुलीत जाऊ लागले, आणि जमिनीच्या तोंडचा घास गेला. १९६८ ते १९७३ या काळात त्या साऱ्या पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला. आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्यांना अधिक सांगायला नको.

पुढे मोठमोठ्या योजना आल्या. रोपवाटिकेतून लाखो रोपे लावली, त्यांतली बहुतेक वाळून गेली. नायजरच्या मराडी भागात टोनी रिनाउदो नावाचा एक ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ असेच रोपे लावण्याचे काम करीत होता. १९८३ साली एकदा वाळूच्या रस्त्यावर गाडीच्या चाकांतली हवा कमी करायला तो उतरला. बाजूला एक झुडूप दिसले. जवळ जाऊन पाहतो तो ते झुडूप नव्हेच, तोडलेल्या झाडाच्या बुडख्याला फुटलेले धुमारे! तसली जिवंत खोडे शेताशेतांत हजारोंनी होती. मुळ्या खोल शाबूत होत्या. दर वर्षी शेतकरी पेरणीआधी ते फुटवे छाटून जाळत होता.

उपाय साधा निघाला. बुडख्याचे चार-पाच जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या काढीत जायचे. ना रोप विकत, ना पाणी. ऊसवाल्याला खोडव्याची गंमत वेगळी सांगायला नको : मूळ जुने असले की फुटवा जोरात येतो.

पण खरी अडचण कोयत्याची नव्हती, हक्काची होती. शेतकरी म्हणाले, "राखू आम्ही, अन् नेणार कोण?" तेव्हा तिथल्या वनाधिकाऱ्यांना गळ घालण्यात आली, की जो राखील त्याला छाटू द्या, विकू द्या. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देताना झाडे राखण्याची अट घातली. रात्री झाडे तोडून नेणारेही होतेच. मग गावांनी आपल्या समित्या नेमल्या, राखण केली. हळूहळू कायदाही बदलत गेला. २००४ साली नवा वनकायदा झाला आणि २०२० साली या पद्धतीने झाडे राखणाऱ्यांसाठी खास हुकूमनामा निघाला.

उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा सुमारे ५० लाख हेक्टर रान पुन्हा झाडांखाली आल्याचे दिसले. त्यामुळे वर्षाला ५ लाख टन जादा धान्य पिकते असा त्यांचा अंदाज आहे. तिथे बाभळीच्या कुळातले 'गाओ' नावाचे झाड आहे. त्याची तऱ्हा उलटी. पावसाळ्यात पाने गाळते, म्हणजे पिकावर सावली नाही. उन्हाळ्यात हिरवे, म्हणजे गुरांना सावली आणि शेंगांचा चारा.

यामुळे नायजरची भूक संपली असे मात्र कोणी समजू नये. टोळधाड आणि अवर्षण यांपाठोपाठ २००५ साली तिथे पुन्हा अन्नटंचाई आलीच. पण ज्या गावांनी झाडे राखली होती, त्यांना लाकूडफाटा विकून धान्य घेता आले.

आता नाण्याची दुसरी बाजू. शेजारच्या बुर्किना फासो देशात याकूबा सावाडोगो नावाचा शेतकरी होता. पडीक, टणक रानात वीतभर रुंदीचे खड्डे उन्हाळ्यातच खोदून, त्यांत खत घालून, पहिल्या पावसाचे पाणी तिथेच मुरवायचे, ही जुनी 'झाई' पद्धत त्याने १९८० च्या सुमारास सुधारून वापरली. उजाड माळावर बाजरी-ज्वारी आली आणि पुढे चांगले जंगलच उभे राहिले. २०१८ साली त्याला आणि रिनाउदोला 'राइट लाइव्हलीहुड' हा जागतिक पुरस्कार एकाच वर्षी मिळाला. पण जवळचे शहर वाढले, आणि याच जंगलातल्या जमिनीवर प्लॉट पडले. जमीन कायद्याने सरकारची. ज्याने माळाचे रान केले त्याचा कागद कुठेच नव्हता. २०२३ साली तो वारला.

आता आपल्याकडे वळू. वृक्षतोडीचा कायदा आपल्याकडेही १९६४ पासून आहे. साग, आंबा, चिंच असली झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला परवानगी लागते. तो हेलपाटा नको म्हणून रोपच उपटणारे आपल्यातही आहेत. आणि खंडाचे म्हणाल, तर कूळ लागेल या धास्तीने मालक कागद करीत नाही, कागद नाही म्हणून कसणारा जमिनीत काही घालत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये रान मरते.

त्या सभासदाला आमचे उत्तर एवढेच : दादा, चूक तुमची नव्हती, आमच्या सल्ल्याची होती. आम्ही खताचे सांगितले, हक्काचे सांगितले नाही. आता मालक सभासदांना आमचे सांगणे आहे : जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या, पण बोली एका सालाची न करता निदान लागण आणि खोडवे निघेपर्यंतची करा. शेणखत कोणी किती घातले, पाचट सरीत कुजवले की पेटवले, हे चार माणसांत बोलून खंडाच्या हिशेबात धरा. कसणाऱ्याने जमीन सुधारली तर त्याचे मोल त्याला द्या. जमीन तुमचीच राहणार आहे, आणि सुधारलेली राहणार आहे.

पुढच्या गटसभेत हा विषय काढावा ही विनंती. खंडकरी सभासदांनीही मागे न बसता पुढे येऊन बोलावे. खुर्च्या सर्वांसाठी मांडलेल्या असतात.