वाघांची गणना : ठशापासून पट्ट्यांपर्यंत

खातेवहीत शिल्लक दिसावी आणि गोदाम मात्र रिकामे निघावे, अशी अवस्था २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पाची झाली. कागदोपत्री वाघ होते. जंगलात एकही उरला नव्हता. चोरट्या शिकारीने झालेली ही हानी जुन्या मोजणीत वेळीच दिसली नाही.

ती मोजणी पाऊलखुणांची होती. वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत रूढ केली. ठशावर काच ठेवून आकृती उतरवावयाची आणि आकृतींच्या तुलनेतून वाघ ओळखावयाचे. खर्च अल्प, परंतु माती, ओल आणि चालीचा वेग यांनुसार ठसा बदलतो. त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जाई, तर एखादा निसटून जाई.

२००६ पासून देशपातळीवर नवी पद्धत आली. प्रथम वनरक्षक पायी फिरून वाघाच्या खुणा, भक्ष्य आणि मानवी वावर नोंदवतात. त्यानंतर निवडक वाटांवर समोरासमोर दोन स्वयंचलित कॅमेरे बसवतात. कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि त्याच्या दोन्ही कुशींवरील पट्टेही सारखे नसतात.

जे वाघ टिपले जात नाहीत, त्यांचा अंदाज गणिताने होतो. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत १५ दिसले, त्यांपैकी १० पूर्वीचेच. म्हणजे पहिल्या फेरीत सुमारे दोन तृतीयांश वाघ सापडले होते; एकूण संख्या ३० च्या आसपास ठरते. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असले, तरी मूळ तत्त्व हेच.

२००१-०२ च्या जुन्या मोजणीत ३,६४२ वाघ होते. २००६ चा नवा अंदाज १,४११ निघाला. मापच बदलल्याने या दोहोंची थेट वजाबाकी करता येत नाही. २०२२ चा सरासरी अंदाज ३,६८२ असून किमान ३,१६७ व कमाल ३,९२५ अशी मर्यादाही जाहीर झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघ आले.

या छायाचित्रांचा आणखी एक उपयोग आहे. जप्त केलेल्या कातड्यावरील पट्टे संग्रहाशी जुळले, तर तो वाघ कोणत्या जंगलातून नाहीसा झाला हे कळते आणि तेथील पहारा वाढवता येतो.