गढजातचा गांजा

इंग्रजी अमदानीतील अबकारी दप्तरांचा मला पुष्कळ वर्षांपासून नाद आहे. कारण प्रजेचे व्यसन आणि सरकारचा महसूल यांचे नाते त्या कागदांत जितक्या निःसंकोचपणे नोंदलेले आढळते, तितके ते इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. या दप्तरांतील सर्वांत समृद्ध कागद म्हणजे, पार्लमेंटातील एका प्रश्नामुळे १८९३ साली नेमल्या गेलेल्या आणि ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेणाऱ्या गांजा-भांग कमिशनचा अहवाल होय. संपूर्ण बंदी अनावश्यक व अव्यवहार्य आहे, लागवड मोजक्या क्षेत्रात आणून परवाना व कर यांनी ती आवरावी, हा त्याचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. माझे लक्ष गुंतले ते त्यातील चोरट्या मालाच्या कैफियतीत.

राजशाही, दिनाजपूर व बोगरा या तीन जिल्ह्यांत पसरलेला नौगावचा ‘गांजा महाल’ हा सरकारी बंदोबस्ताचा आदर्श मानला जाई. तेथे परवान्यावाचून रोप लावता येत नसे. मादीच्या फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून ‘पोद्दार’ नावाचा जाणता शेतोशेत फिरून नराची झाडे हुडकून काढी. आणि तयार माल कोठारात जमा होऊन, कर भरल्यावरच दुकानी पोहोचे. इतका चोख बंदोबस्त असूनही कलकत्त्यात ‘गढजात’ गांजा मिळतच असे. तो ओरिसाच्या मांडलिक संस्थानांतून, म्हणजेच गढजातांतून, येई. तेथे बंगालचा जबर कर नव्हता, आणि करातील ही तफावतच डोंगरवाटांनी माल वाहणाऱ्याची मिळकत होती. म्हणजे बंदी येण्याच्या कितीतरी आधी तस्करी नांदत होती.

याच कमिशनमधील एका सभासदाची आठवण आज कोणी काढीत नाही. ताहिरपूरचे जमीनदार राजा शशिशेखरेश्वर राय हे त्याच राजशाही जिल्ह्याचे, जेथील रयत या पिकावर पोसली जात होती. तरीही त्यांनी व मुजफ्फरनगरच्या लाला निहालचंद यांनी बहुमताशी फारकत घेऊन आपली भिन्नमतपत्रे अहवालास जोडली. सात सभासदांत हिंदी तीन, आणि त्या तिघांतील दोघे असहमत! आपल्याच मुलखाच्या उत्पन्नाविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या या गृहस्थाविषयी मला नितांत आदर वाटतो, यद्यपि व्यवहारात मला बहुमतच अधिक पटते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची लागवड, बाळगणे व वाहतूक ही सारी गुन्ह्यांत जमा झाली. परंतु डोंगर तेच राहिले. जुन्या बौद संस्थानचा प्रदेश, शेजारचे कंधमाल, आणि दक्षिणेस मलकानगिरी व विशाखापट्टणमचा आदिवासी टापू येथे ‘शीलावती’ वाणाचे मळे उभे राहिले. बलिमेला धरणाच्या पाण्याने मलकानगिरीतील १५१ गावे जगापासून तोडली, आणि त्यांना जोडणारा गुरुप्रिया सेतू २०१८ साली खुला झाला. मधल्या दशकांत जेथे सरकार पोहोचले नाही तेथे दलाल आगाऊ रक्कम घेऊन पोहोचला. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी आंध्र पोलिसांनी अनकापल्लीजवळ सुमारे दोन लाख किलो गांजा जाळला. याच डोंगरांतला माल मालमोटारींतून महाराष्ट्रात येतो. आणि शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या वनजमिनीवर तूर-कपाशीच्या आडून लागवड होते, ती वेगळीच.

वीस किलोंहून अधिक माल सापडला की किमान दहा वर्षे सक्तमजुरी! ही शिक्षा भोगतो तो बहुधा गाडीचा चालक किंवा डोंगरातला भाडोत्री वाहक. पैसा पुरवणाऱ्यासही तीच शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, पण तो सहसा हाती लागत नाही. अराकूची कॉफी आणि कंधमालची हळद याच डोंगरांत पिकतात. त्यांना रस्ता, तारण आणि हमीचा खरेदीदार देणे हे गांजाचे पीक जाळण्याहून कठीण असले तरी सरकारचे पहिले कर्तव्य तेच आहे. ते केल्यावाचून नुसत्या जप्तीने गढजातची वाट बंद होणार नाही, असा निर्वाळा शतकापूर्वीचे दप्तरच देत आहे.