वासराचं गजकर्ण आणि आपला हात

मैत्रिणींनो, गोठा कुणाचा, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. गाय मालकाच्या नावावर, डेअरीचं खातंही त्यांच्याच नावावर. पण पहाटे उठून शेण कोण काढतं? वासरू कोण सोडतं? धार काढताना म्हशीच्या कुशीला कपाळ कुणाचं टेकतं? तिथे मात्र बाईच असते. म्हणून ढोरांच्या कातडीचा आजार हा आधी आपला विषय आहे आणि मग मालकांचा.

आमचं देवपूर आता धुळे शहराचाच भाग. पांझरेच्या या बाजूला कॉलन्या वाढल्या, शाळा-कॉलेजं आली, तरी घरामागे एखादी म्हैस, दोन गाई बांधणारी घरं आहेतच. जागा कमी, गोठा अंधारा आणि ओल कायमची. अशा गोठ्यात थंडीच्या दिवसांत वासराच्या डोळ्याभोवती, कानापाशी, मानेवर एक गोल चट्टा दिसायला लागतो. केस झडलेले असतात आणि वर राखाडी-पांढरी जाड खपली. ओली राख थापून वाळवावी तशी. शेजारची आजी विचारते, "काय व्हयनं व माय, वासरूले?" दुसरी लगेच सांगते, "दाद शे, जाई आपोआप."

यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आजचा हा लेख.

हा किडा नव्हे, बुरशी

गजकर्ण, नायटा, दाद ही सगळी एकाच आजाराची नावं. इंग्रजीत त्याला ‘रिंगवर्म’ म्हणतात, पण त्यात वर्म म्हणजे किडा कुठेच नाही. ही बुरशी आहे. गाई-म्हशींत बहुतेक वेळा जी सापडते तिचं नाव ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम. केस आणि कातडीचा वरचा मेलेला थर ज्या केराटिनचा बनलेला असतो, ते केराटिन हे तिचं खाणं. त्यामुळे केस मुळापाशी मोडतात आणि चट्टा बाहेरच्या कडेने वाढत जातो.

बुरशी लागल्यापासून चट्टा दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात. म्हणजे एका वासरावर डाग दिसला, तेव्हा बाजूच्या दोघांना तो आधीच लागलेला असू शकतो. लहान वासरांना हा आजार जास्त होतो. एकदा होऊन गेला की अंगात प्रतिकारशक्ती येते आणि पुन्हा सहसा होत नाही. धडधाकट वासरू दोन ते चार महिन्यांत आपोआप बरंही होतं. आजी म्हणते ते इथवर खरं.

पण त्या काळात खपल्या गळत राहतात. कोरड्या खपलीतले बुरशीचे बीजाणू महिनोन् महिने, कधी कधी काही वर्षंही जिवंत राहतात. खुंटा, गव्हाणीचं लाकूड, दावं, खरारा, भिंतीचा कोपरा, सगळीकडे ते बसून असतात. वासरू बरं होतं, गोठा मात्र आजारीच राहतो. पुढच्या हिवाळ्यात नव्या वासराला पुन्हा तेच.

ज्याला घाबरायचं नव्हतं, त्याला घाबरलो

ऑगस्ट २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हाची आठवण तुम्हाला असेल. त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद आपल्याच खान्देशात झाली, जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात चिनावल गावी. सप्टेंबरमध्ये राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. दूध प्यावं की नाही, अशा अफवाही पसरल्या. वास्तविक लंपी हा विषाणूचा आजार माणसाला होत नाही. चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. जनावरांचं त्यात फार मोठं नुकसान झालं, पण दूध पिणाऱ्याला त्यातून धोका नव्हता.

गजकर्णाचं मात्र उलटं. जनावराला त्याचा फारसा त्रास नाही, पण तो माणसाला नक्की लागतो. आणि त्याचीच आपण पर्वा करत नाही!

दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. लंपीत ताप येतो, अंगभर घट्ट गाठी उठतात, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, पाय सुजतात, दूध एकदम कमी होतं. गजकर्णात ताप नाही, गाठी नाहीत. वासरू खातं-पितं आणि चट्ट्यावर फक्त कोरडी खपली असते. तिसरी असते खरूज. त्यात जनावर खाजेने हैराण होऊन अंग भिंतीला घासत राहतं. शंका असेल तर डॉक्टर खपलीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नक्की सांगू शकतात. गाठी आणि ताप दिसला तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

वासरावरून आपल्यावर

माणसाला हा आजार कुठे होतो, ते पाहिलं तर गोठ्यातलं सगळं काम डोळ्यांसमोर येतं. मनगटावर आणि कोपराच्या आतल्या बाजूला, कारण वासराला तिथे कवेत धरलं. कपाळावर आणि मानेवर, कारण धार काढताना तो भाग जनावराला टेकला. मुलांच्या गालावर आणि डोक्यात, कारण शाळेतून आल्यावर त्यांनी वासराच्या गळ्यात हात टाकला.

जनावराकडून आलेलं गजकर्ण माणसाच्या अंगावर जास्त भडकतं. लाल होतं, सुजतं, कधी पू धरतं. मुलाच्या डोक्यात तर ते थेट गळवासारखं दिसतं आणि कुणीतरी चिरा द्यायला निघतं. त्याला चिरा नको, बुरशीचं औषध हवं. ते वेळेवर मिळालं नाही तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात.

आणि बाईचं काय होतं? आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी हातावरचा चट्टा तीन महिने पदराखाली झाकला. "लोक म्हणतील, ही अंघोळ करत नाही का," एवढीच त्यांची भीती. एका दुकानातून आणलेली मलम त्या लावत होत्या. लावलं की दोन दिवसांत खाज गायब, सोडलं की दुप्पट. दोन चट्ट्यांचे सहा झाले. मलमेत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दाबतं, पण कातडीची लढायची ताकदही दाबतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ती गजकर्णावर स्वतःच्या मनाने लावू नका.

एक खरं, की माणसांतलं सगळं गजकर्ण गोठ्यातून येत नाही. गेल्या दहा वर्षांत देशभर जे चिवट गजकर्ण पसरलंय, ते माणसाकडून माणसाला लागणारं आहे आणि नेहमीच्या गोळ्यांनाही ते पुष्कळदा दाद देत नाही. त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात की आपण होऊन सांगा, "घरी वासरू आहे, त्यालाही चट्टे आहेत." या एका वाक्याने डॉक्टरांचं काम सोपं होतं. आणि यात लाजण्यासारखं काही नाही. हा घाणेरडेपणाचा नव्हे, कामाचा आजार आहे.

उपचार तीन ठिकाणी

वासरू, गोठा आणि माणूस. तिन्हींचा उपचार एकदमच करायचा. एक जरी सुटलं तरी फेरा चालूच राहतो.

वासरू : वेगळं बांधा, रोज उन्हात सोडा. हातात रबरी मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधा. कोमट साबणाच्या पाण्याने खपली भिजवून मऊ करा आणि जुन्या ब्रशने हळूच काढा, रक्त येईपर्यंत खरवडू नका. निघालेली खपली उकिरड्यावर टाकू नका, जाळा. मग पशुवैद्यकांनी दिलेलं औषध लावा. पोव्हिडोन आयोडिन, बेंझोइक आणि सॅलिसिलिक ॲसिडचं मलम किंवा बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोलसारखं मलम ते सहसा देतात. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेवरही लावा, कारण बुरशी तिथे पोचलेली असते. डोळ्याजवळ काय लावायचं ते मात्र विचारूनच. तीन-चार दिवसांत सोडू नका, नवे केस दिसेपर्यंत चालू ठेवा. सोबत हिरवा चारा, क्षार मिश्रण आणि जंताचं औषध द्या. अशक्त वासराला आजार जास्त दिवस छळतो.

गोठा : आधी शेण, जुना चारा, धूळ काढून सोड्याच्या पाण्याने घासून घ्या. घाणीवर औषध ओतून उपयोग नसतो. मग जनावरं बाहेर काढून एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण खुंटे, गव्हाण, भिंतींवर मारा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फिनाईल कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. वाळल्यावर भिंतींना चुना द्या. दावी उकळा किंवा जाळून नवी घ्या. कौलं-पत्र्यातून थोडं ऊन आत येईल असं पाहा.

माणूस : काम झालं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. गोठ्याची साडी किंवा गाऊन वेगळा ठेवा, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. चट्टे जाईपर्यंत मुलांना वासराशी खेळू देऊ नका. गजकर्ण दुधातून पसरत नाही. दूध नेहमीसारखं उकळून खुशाल वापरा, फक्त धार काढण्याआधी हात आणि सड स्वच्छ धुवा. गरोदर बाईने आणि गाभण जनावराला पोटातून घ्यायचं बुरशीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

हे मात्र नको

गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, बॅटरीचं पाणी. यांनी कातडी भाजते आणि वासरू ते चाटतं. पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याचा पाला नायट्यावर लावायची रीत जुनी आहे. त्याचं संस्कृत नावच चक्रमर्द, म्हणजे गोल चट्ट्याला चिरडणारा. पण तो चोळून डॉक्टर टाळायचे, असं करू नका.

पोळ्याला एकच ब्रश, एकच झूल सगळ्या बैलांवर फिरते. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरचे घोडे येतात. घोड्यांनाही गजकर्ण होतं आणि खरारा, खोगीर यांतून ते पसरतं. ज्याचं सामान त्यालाच, हा नियम पाळा. बाजारातून आणलेलं वासरू तीन-चार आठवडे वेगळं बांधा.

नॉर्वे देशात १९७९ च्या सुमारास गाईंना गजकर्णाची लस द्यायला सुरुवात झाली आणि तिथून हा आजार जवळपास गेला. आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात अशी लस नाही. त्यामुळे तूर्त आपली भिस्त ऊन, चुना, साबण आणि वेळेवर विचारलेला डॉक्टर यांवरच. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

आणि आज धार काढायला बसलात की वासराच्या कानामागे एकदा बोट फिरवून बघा. मग स्वतःचं मनगटही बघा. वासरासाठी डॉक्टरांना बोलावतो, तसं आपल्यासाठीही जायचं असतं, बरं का!