लाभ, एरडू, मूरू

सुगीनंतर भात मोजायचे काम आमच्या घरात आज्जीचे. खळ्यावरून पोती आली, की ती पदर खोचून पायली घेऊन बसायची. पहिले माप ‘एक’ म्हणून मोजायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे, ही रीत मराठी घरात तशीच कन्नड घरातही. त्यामुळे लाभापर्यंत दोन्ही भाषा एकच. पुढे मात्र आज्जीचे एरडू, मूरू, नाल्कू सुरू व्हायचे. बाकी सगळा व्यवहार मराठीत करणारी आज्जी मोजायची मात्र कन्नडमध्येच.

तिचे माहेर बैलहोंगल तालुक्यातले, सासर खानापूर तालुक्यातले. जिल्हा एकच, पण तिकडे काळी माती आणि जोंधळा, इकडे तांबडी माती, भात आणि धो धो पाऊस. १९४७ साली, सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत नव्हते आणि भाताने पोट भरते यावर तिचा विश्वास नव्हता. मराठी ती सासूकडून शिकली. भाकरी मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. “उंबरा न ओलांडता तीन राज्यं बघितली मी,” असे ती हसून सांगायची.

१९७४ साली आजोबा गेले. चार मुलगे, धाकटा अजून शाळेत. कमरेला किल्ल्या लावून आज्जी उभी राहिली. सही येत नव्हती, पण कोणाला किती पायल्या उसन्या दिल्या ते तोंडपाठ असायचे. थोरल्या दोघांनी वाटणीचा विषय काढला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “धाकट्याचं शिक्षण होऊ दे. मग कणगी मोजू.” पुन्हा कोणी बोलले नाही. तो धाकटा म्हणजे माझे वडील.

आता माझी गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. शाळेतले मित्र घरी आले होते. आज्जी बाहेर आली आणि नेहमीसारखे विचारले, “ऊटा आतेनू?” एक मित्र फिस्सकन हसला. सीमाप्रश्नाच्या सभा, घोषणा रोज कानावर पडण्याचे ते दिवस. मी ताडकन म्हणालो, “आज्जी, आपल्या घरात मराठीतच बोलायचं!” तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. “बरं बाबा,” म्हणाली आणि सगळ्यांना पोहे आणून दिले. त्यानंतर ती माझ्याशी कन्नडमध्ये एक शब्दही बोलली नाही. हे माझ्या लक्षात यायलाही कित्येक वर्षे गेली.

पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवू लागलो. बैलहोंगल, सौंदत्तीकडची मुले तासानंतर शंका विचारायला यायची. मी कन्नडमध्ये उत्तर दिले की हसायची. “सर, तुम्ही आमच्या आज्जीसारखं बोलता!” मी कोणाच्या आज्जीसारखा बोलतो, ते मला ठाऊक होते.

२०१२ च्या पावसाळ्यात आज्जीला अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली ती फक्त कन्नडमध्ये. पासष्ट वर्षे बोललेली मराठी पार पुसली गेली. “असं कधी कधी होतं,” डॉक्टर म्हणाले. ती ‘नीर कोडू’ म्हणाली आणि मी उठायच्या आत आई तांब्या घेऊन आली. वर सफाईने कन्नडमध्येच बोलूही लागली. आई मूळची चंदगडकडची. तिला मी कधी कन्नड बोलताना ऐकले नव्हते.

“तुला कधीपासून येतं?” मी विचारले.

“लग्न होऊन आले तेव्हापासून,” आई म्हणाली. “आम्ही दोघी कामं करताना कन्नडच बोलायचो. पुढे तू चिडलास, तसं तुझी शाळा सुटायची वेळ झाली की मराठीवर यायचो.”

वीस वर्षे त्या दोघींनी माझा मान राखला होता. मी आज्जीच्या उशाशी बसलो. काय बोलावे सुचेना. शेवटी तिचेच वाक्य तिला विचारले, “आज्जी, ऊटा आतेनू?” दोन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. तिने डोळे उघडले. “आतु,” म्हणाली, “निंदू?” माझे झाले, तुझे? मी मान हलवली. चौथ्या दिवशी ती गेली.

आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एखादी आज्जी, काकू, वहिनी आहे, जिने सासरच्या भाषेसाठी आपली भाषा चुलीमागे ठेवली. ती नाराज आहे असे नाही. पण कधी तरी तिला तिच्या भाषेत ‘जेवलीस का’ म्हणून विचारायला काय हरकत आहे? तिला ऐकू येते आहे तोवर विचारावे.

आता भात आई मोजते. माझी मुलगी समोर बसते आणि आईबरोबर मोठ्याने म्हणते, लाभ, एरडू, मूरू. मी जवळच उभा राहून पोती धरतो.