माइक नव्हता, पण कंपनी स्वतःची होती

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे फारच भरकटलो होतो, तेवढं कापलंय.

आमच्या भोरला जत्रेत ऑर्केस्ट्रा आला की गाण्याआधी अर्धा तास नुसतं ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ चालतं. आता विचार करा, शंभर वर्षांपूर्वी संगीत नाटकातला नट माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गायचा. तेही ‘वन्समोअर’ घेत घेत, पहाटेपर्यंत.

हे काम युरोपातले ऑपेरा गायकही करायचे. बल्गेरियाचे बोरिस ख्रिस्टॉफ घ्या. शिकले कायदा, गायचे गायकवृंदात. आवाज राजाच्या कानावर पडला आणि 1942 साली त्याच्या मदतीने ते इटलीला शिकायला गेले. पुढे मोठमोठ्या ऑपेरागृहांत गायले. तिथे गायकाने गायचं. पडदे, वादक, पगार हे सगळं ऑपेरागृह बघणार.

आपल्याकडे उलटं. गायक मोठा झाला की त्याने स्वतःची कंपनी काढायची, हा जवळपास नियमच. म्हणजे फाउंडरही तोच आणि प्रॉडक्टही तोच. त्याचा घसा बसला की अख्ख्या बिऱ्हाडाची चूल थंड.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले. 1911 मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी गेली. तिकिटं विकली गेली होती; ते भामिनी म्हणून उभे राहिले. 1913 मध्ये त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ला चाली भास्करबुवा बखल्यांच्या, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. अशी माणसं पदरी ठेवायची तर खर्च किती! त्यात खरे शालू, अत्तर, ‘द्रौपदी’तली डोळे दिपवणारी मयसभा. प्रेक्षक खूश, कर्ज मात्र डोंगराएवढं. ते फेडण्यात उमेदीची बरीच वर्षं गेली. माझं मत विचाराल तर गायक म्हणून शंभर मार्क, मालक म्हणून काठावर पास. पण हिशेब त्यांच्याच गळ्यात का मारायचा, हा खरा प्रश्न.

केशवराव भोसले त्यांचे तोडीस तोड प्रतिस्पर्धी. कोल्हापूरचे. 1908 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श काढली. 8 जुलै 1921 ला मुंबईत दोघे टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले: ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. वय 31.

तिसरे मास्टर दीनानाथ, मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. 1918 ला बळवंत संगीत मंडळी. दशक-दीड दशक कंपनी जोरात. मग बोलपट आला. 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ निघाला आणि नाटकाच्या थिएटरांत सिनेमाची यंत्रं बसू लागली. गावोगाव फिरणाऱ्या कंपनीला मुक्काम कुठे मिळणार? बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले, पण प्रभातसोबत तेवढंच. कॅमेऱ्यासमोर ना वन्समोअर, ना समोर बसलेली माणसं. दीनानाथांनी तर स्वतःच चित्रपट कंपनी काढली, म्हणजे जोखीम पुन्हा स्वतःच्याच डोक्यावर. ती बुडाली. 24 एप्रिल 1942 ला पुण्यात ते गेले, एक्केचाळिसाव्या वर्षी.

थोरली मुलगी तेव्हा 12 वर्षांची होती. घर चालवायला तिने सिनेमात काम धरलं. मन नव्हतं तरी आधी अभिनय, मग पार्श्वगायन. तिला ना कंपनी सांभाळायची होती, ना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा होता, माइक होता. पण साठच्या दशकात गाण्याच्या कमाईत गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून निर्मात्यांशी भांडायला सगळ्यांत पुढे कोण होतं? त्याच, लताबाई. त्यावरून मोहम्मद रफींशी काही वर्षं त्यांचं गाणंही बंद होतं.